मॅन्युअल स्पोर्ट्स कारचे ॲव्हरेज कसे वाढवावे?

मूळ लेख : तिसरे वळण

माझ्याकडे दोन लिटर इंजिनाची, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेली, सहा गिअरची आणि मागच्या चाकांना ताकद देणारी दोन दारांची गाडी आहे. अशी गाडी घेणाऱ्याने ॲव्हरेज विचारू नये, असे मला अनेकांनी सांगितले होते आणि तेव्हा ते पटलेही होते. परंतु रोजच्या येण्याजाण्यालाही हीच गाडी असल्यामुळे, टाकी भरताना ते म्हणणे आता पटेनासे झाले आहे. वळणांच्या रस्त्यावर मी मनसोक्त गाडी चालवतो, तेव्हा इंधन जाते याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. इतर सर्वांच्या मागेपुढे, त्यांच्याच वेगाने चाललेलो असतानाही माझी गाडी जास्त का पिते, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

मोजणी कशी केली तेही सांगतो. प्रत्येक वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली आणि ट्रिप मीटर शून्यावर आणला. एकाच टाकीचा हिशेब मी धरत नाही, कारण नोझल कधी लिटरभर आधी तर कधी लिटरभर नंतर बंद होते आणि तेवढ्यानेही आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलतो. सलग पाच टाक्यांचे एकत्र ॲव्हरेज 10.6 किमी आले. डॅशबोर्डवरील पडदा मात्र 11.3 दाखवत होता.

माझ्या सवयी अशा आहेत : अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवून हळूहळू वेग वाढवतो, साधारण 3500 आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वरचा गिअर टाकतो, आणि पुढे सिग्नल लाल दिसला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेकने थांबवतो. यातले काय चुकते आहे, हे जाणकारांनी कारणासह सांगावे. नुसते «हळू चालवा» हा सल्ला मला नको आहे.

प्रतिसाद : आलेख

आपल्या तिन्ही सवयींत दुरुस्तीला वाव आहे, पण त्याचे कारण समजण्यासाठी आधी गाडीला मुळात किती ताकद लागते ते पाहू. आपल्या वर्गातील गाडीचे वजन चालकासह 1300 किलो धरले आणि तिचा बांधा हवेला कमी अडणारा आहे असे मानले, तर सपाट रस्त्यावर ताशी 100 किमी वेगाने जाताना हवेचा विरोध सुमारे 250 न्यूटन आणि टायरचा विरोध सुमारे 150 न्यूटन येतो. या दोन्हींवर मात करायला चाकांपाशी जेमतेम 11 ते 12 किलोवॉट पुरतात. ज्या इंजिनाची क्षमता 150 किलोवॉटच्या आसपास आहे, त्याच्याकडून आपण बाराव्या-तेराव्या हिश्श्याएवढेच काम मागत असतो.

खरी अडचण इथेच आहे. पेट्रोल इंजिन कमी काम करताना आळशी होते. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते आणि प्रत्येक पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यासाठीच ताकद खर्च करावी लागते. त्यात आरपीएम जास्त असतील तर हे ओढणे आणि आतले घर्षण, दोन्ही तितक्या जास्त वेळा घडते. असे इंजिन साधारण 2000 ते 3000 आरपीएमच्या दरम्यान आणि पाऊण भाराला (त्या आरपीएमला देता येईल त्याच्या पाऊण ताकदीला) सर्वांत काटकसरीने चालते. तिथे एका किलोवॉट-तासाला 240-250 ग्रॅम पेट्रोल पुरते, आणि अगदी हलक्या भाराला तेच 400 ग्रॅमच्याही पुढे जाते.

आता गिअरचे उदाहरण घेऊ. टोयोटा जीटी86 च्या मॅन्युअल गाडीत शेवटचा गुणक (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना फेऱ्या घटवण्याचे प्रमाण) 4.1 आहे, चौथा गिअर 1.213 आणि सहावा 0.767. तिच्या 17 इंची चाकांवर ताशी 100 किमीला चौथ्या गिअरमध्ये सुमारे 4300 आरपीएम होतात, आणि सहाव्यात 2700. चाकांना मिळणारी ताकद तीच असते, परंतु सहाव्यात थ्रॉटल अधिक उघडावे लागते, पिस्टनची ओढाताण कमी होते आणि दर मिनिटाला 1600 फेऱ्यांचे घर्षण वाचते. स्पोर्ट्स कारचे गिअर मुळातच जवळजवळ आणि आखूड असतात, म्हणून साध्या गाडीच्या बरोबरीने चालतानाही ती जास्त पिते. आपल्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे.

यावरून आपली पहिली सवय तपासा. पाय हलका ठेवून वेग हळूहळू वाढवणे म्हणजे इंजिनाला त्याच्या आळशी पट्ट्यात जास्त वेळ अडकवून ठेवणे. त्यापेक्षा पेडल ठामपणे अर्ध्याहून थोडे अधिक दाबावे, 2300-2500 आरपीएमला वरचा गिअर टाकावा आणि इष्ट वेग लवकर गाठून तो राखावा. पेडल तळापर्यंत मात्र नेऊ नये, कारण पूर्ण उघड्या थ्रॉटलला बहुतेक इंजिने मिश्रणात जादा पेट्रोल सोडतात.

प्रतिसाद : मोकळा रस्ता

आलेख यांनी इंजिनाची बाजू नेमकी मांडली आहे. माझ्या अनुभवात मात्र सर्वांत जास्त पेट्रोल गिअरमध्ये नव्हे, ब्रेकमध्ये जाते.

हिशेब सोपा आहे. 1300 किलोची गाडी ताशी 60 किमी वेगाने चालत असेल तर तिच्यात सुमारे 180 किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचवते असे धरले, तर तो वेग मिळवायला 20 मिलीहून थोडे जास्त पेट्रोल लागले. म्हणजे चार चमचे. आपण ब्रेक दाबून गाडी थांबवतो तेव्हा हे चार चमचे डिस्कवर तापून हवेत जातात आणि पुढच्या हिरव्या दिव्याला पुन्हा चार चमचे ओतावे लागतात. ताशी 100 किमीवरून थांबलात तर हाच आकडा 60 मिलीच्या घरात जातो. शहरात दर किलोमीटरला एकदा थांबणारा चालक केवळ थांबण्यापायी 100 किमीला दोन लिटर पेट्रोल जाळतो.

म्हणून माझा सगळा भर नजरेवर आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेकडे पाहण्याऐवजी तिच्या पलीकडच्या तीन-चार गाड्यांकडे पाहावे. रोजच्या वाटेवर एका चौकाआधी रस्ता किंचित डावीकडे वळतो आणि वळणाच्या तोंडाशी आल्यावर झाडांच्या फटीतून सिग्नलचा दिवा क्षणभर दिसतो. पूर्वी मी त्या क्षणाकडे लक्ष देत नसे. आता तिथे लाल दिसला की पाय उचलतो, गाडी चौथ्यातच राहू देतो, वेग 60 वरून 40 वर येतो, मग तिसरा टाकतो. मी चौकाशी पोचेपर्यंत पुष्कळदा दिवा हिरवा झालेला असतो आणि समोरची रांग हललेली असते. थांबून निघण्याऐवजी 30 च्या वेगाने त्याच रांगेत मिसळता आले, की साठलेल्या ऊर्जेचा पाव हिस्सा वाचतो आणि पहिला गिअरही लागत नाही.

वळणांच्या रस्त्यावर चांगला चालक हेच करत असतो, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. वळणाआधी योग्य वेग, एकच गुळगुळीत रेषा, आणि मिळवलेला वेग विनाकारण न गमावणे. कमी ताकदीची हलकी गाडी ट्रॅकवर वेगाने चालवायला शिकलेल्या माणसाला इंधन वाचवायला वेगळे शिकावे लागत नाही.

प्रतिसाद : उतारावरून

मोकळा रस्ता यांच्या प्रतिसादातील एक गोष्ट मला पटली नाही. पाय उचलल्यावर गाडी गिअरमध्येच ठेवली तर इंजिन चाकांच्या वेगाने फिरत राहते, म्हणजे आरपीएम 2000 च्या वर असतात. न्यूट्रलमध्ये ते 750 वर येतात. जास्त फिरणारे इंजिन कमी पेट्रोल कसे घेईल? मी कित्येक वर्षे न्यूट्रलमध्येच गाडी सोडत आलो आहे.

प्रतिसाद : आलेख

कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांना आपला तर्क बव्हंशी लागू होता. इंधन इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर लागलेला असताना पेडल पूर्ण सोडले आणि आरपीएम साधारण 1200-1500 च्या वर असले, तर संगणक इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) पूर्णपणे बंद करतो. इंजिन फिरत असते ते चाकांच्या ओढीने, त्यात पेट्रोलचा थेंबही जात नाही. आरपीएम आणखी उतरले की इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुन्हा सुरू होते, आणि म्हणूनच वेळेवर खालचा गिअर टाकला तर ही फुकटची वाट लांबवता येते. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याची जोडणी) साधा रीडर लावून पाहिलेत तर पाय उचलल्यावर इंधनाचा आकडा क्षणभराने शून्यावर आलेला दिसेल. न्यूट्रलमध्ये तो कधीच शून्य होत नाही; दोन लिटरचे गरम इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर घेते.

तरीही आपण पूर्णपणे चुकीचे आहात असे मी म्हणणार नाही, कारण ही बाब सहसा सांगितली जाते तितकी एकतर्फी नाही. इंजिन गाडीला मागे ओढते, त्यामुळे गिअरमध्ये गाडी कमी अंतर घरंगळते. वरच्याच गाडीचे अंदाजी गणित मांडले तर 60 वरून 40 वर यायला चौथ्या गिअरमध्ये सुमारे 160 मीटर लागतात आणि न्यूट्रलमध्ये सुमारे 460. समजा 460 मीटरवर वेग 40 करायचा आहे. न्यूट्रलमध्ये सोडल्यास 33 सेकंदांत सुमारे 7 मिली पेट्रोल जाईल. गिअरमध्ये ठेवायचे तर आधीचे 300 मीटर 60 च्या वेगाने गाडी चालवावी लागेल आणि त्यात सुमारे 15 मिली जातील. म्हणजे रस्ता लांबवर मोकळा दिसत असेल तर कागदावर न्यूट्रल जिंकते. अंतर कमी असेल आणि नाही तरी ब्रेक लावावाच लागणार असेल, तर गिअरमध्ये ठेवणेच किफायतशीर. मूळ लेखातील सवय या दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून ती बदलावी.

सुरक्षेचे गणित मात्र वेगळे आहे. उतारावर न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि अचानक बाजूला निघायची वेळ आली तर चाकांना ताकद नसते. अनेक ठिकाणच्या वाहतूक नियमांत उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्यास मनाई आहे. इंजिन बंद करून घरंगळणे तर कोणीही करू नये. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) दोन-तीन दाबांत रिकामा होतो, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली चुकून पूर्ण फिरली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. उतारावर तर इंजेक्टर बंद ठेवून गिअरमध्ये उतरण्यातच दोन्ही फायदे आहेत.

प्रतिसाद : पाना-पक्कड

चालवण्याबद्दल बरेच लिहून झाले आहे, म्हणून मी गाडीबद्दल लिहितो.

सर्वांत आधी टायरमधील हवा. ती सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्यानुसार तपासावी. तापमान 10 अंशांनी उतरले की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऋतू बदलताना तपासणी चुकवू नये. त्यानंतर टायरचा प्रकार. चिकट रबराचे रुंद टायर पकड देतात, पण रोज प्रत्येक किलोमीटरला त्यांची किंमत इंधनात मोजावी लागते. जीटी86 बाजारात आली तेव्हा तिला 215/45 आर17 मापाचे मिशेलिन प्रायमसी टायर होते, जे टोयोटाच्याच प्रियस या कमी पिणाऱ्या हायब्रिड गाडीच्या काही प्रकारांवरही बसवले जात. माफक पकडीच्या टायरवरही गाडी चालवण्याचा आनंद मिळतो हे त्या गाडीने दाखवून दिले. टायरचे माप बदललेले असेल तर एक काळजी घ्यावी : बाहेरचा व्यास कमी झाला की मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज उगाच चांगले वाटते.

दुसरी गोष्ट अडकणारा ब्रेक. माझ्या स्वतःच्या गाडीचे ॲव्हरेज दोन महिन्यांत लिटरमागे किलोमीटरभर घसरले होते. ज्या गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलले होते तिथे दोनदा विचारले, तर स्पार्क प्लग बदला, असे उत्तर मिळाले. शेवटी वीस मिनिटे गाडी चालवून, शेवटचा टप्पा ब्रेक जवळजवळ न लावता थांबलो आणि चारही रिमजवळ हाताचा मागचा भाग नेला. तीन चाके कोमट होती, मागच्या उजव्या चाकाजवळ हात धरवेना. कॅलिपरची (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) सरकणारी पिन ग्रीसविना गंजून अडकली होती. पिन घासून, ब्रेकचे खास ग्रीस लावून बसवली आणि ॲव्हरेज पूर्ववत झाले. ही तपासणी प्रत्येकाने अधूनमधून करावी, तिला हत्यार लागत नाही.

एअर फिल्टरबद्दल मात्र एक गैरसमज दूर करतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत घाण फिल्टरमुळे मिश्रण घट्ट होऊन पेट्रोल जास्त जात असे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत येणारी हवा मोजूनच इंधन सोडतो, त्यामुळे ॲव्हरेज जवळजवळ बदलत नाही, फक्त पूर्ण ताकद कमी होते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये केलेल्या चाचण्यांतही हेच दिसले. फिल्टर बदला, पण इंजिनाच्या आरोग्यासाठी.

तेल उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचेच वापरावे. 0डब्ल्यू-20 (पातळ दर्जाचे तेल) सांगितलेल्या इंजिनात «जाड तेल बरे» म्हणून 50 दर्जाचे तेल घालणाऱ्यांचे इंजिन तेल ढवळण्यातच ताकद घालवते. उच्च ऑक्टेनची (अवेळी न पेटणाऱ्या पेट्रोलची) शिफारस असलेल्या गाडीत कमी ऑक्टेनचे पेट्रोल घातले तर नॉक सेन्सरच्या (अवेळी पेटण्याचे ठोके ओळखणाऱ्या यंत्राच्या) इशाऱ्यावरून संगणक ठिणगी उशिरा टाकू लागतो आणि वाचलेले पैसे दुसरीकडून निघून जातात. मागे मोठा पंख (स्पॉयलर) बसवला असेल तर तो रोजच्या वापरात काढून ठेवा. छत उघडणारी गाडी असेल तर हमरस्त्यावर छत बंद ठेवा.

आणि टर्बोच्या गाड्यांसाठी एक इशारा. आलेख यांनी सांगितलेले «कमी आरपीएम, ठाम पाय» हे सूत्र टर्बो आणि थेट इंजेक्शन असलेल्या इंजिनात 1500 आरपीएमला जोरात पेडल दाबून वापरू नये. अशा भाराखाली ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. याच त्रासासाठी 2018 मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस हा तेलाचा वेगळा दर्जा आणावा लागला. इंजिन गुरगुरू लागले, गिअरचा दांडा थरथरला की खालचा गिअर टाकावा, त्यात कमीपणा मानू नये.

प्रतिसाद : मोकळा रस्ता

गिअरवरून एक जुनी गोष्ट आठवली. 1989 च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आला, तेव्हा त्यात अशी सोय होती की इंजिन गरम असताना, पाय हलका ठेवून साधारण 25-30 किमी वेगाला पहिल्यातून दुसरा टाकू पाहिले, तर दांडा आपोआप चौथ्यात जाई. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने जास्त पिणाऱ्या गाड्यांवर वेगळा कर बसवला होता आणि चाचणीतील ॲव्हरेज त्या मर्यादेच्या वर ठेवण्यासाठी ही योजना होती. अनेक मालकांनी ती यंत्रणा काढून टाकली, आणि त्यांचा वैताग मी समजू शकतो. परंतु त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) असलेल्या इंजिनाला प्रत्येक गिअर लागतोच असे नाही. मी स्वतः सपाट रस्त्यावर दुसऱ्यातून चौथा आणि चौथ्यातून सहावा टाकतो.

प्रतिसाद : उतारावरून

आलेख यांचे गणित वाचून काल ओबीडी रीडर लावून पाहिला. पाय उचलल्यावर आकडा खरोखरच शून्यावर आला, आणि 1300 आरपीएमच्या जरा खाली इंधन पुन्हा सुरू झाले. इतक्या वर्षांची समजूत बदलावी लागली, आपले आभार. हमरस्त्यावरील वेगाबद्दलही काही सांगावे.

प्रतिसाद : आलेख

थोडक्यात सांगतो. ताशी 80 किमीच्या आसपास हवेचा आणि टायरचा विरोध जवळपास सारखा असतो. त्यापुढे हवा वरचढ होते, कारण तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वरच्याच गाडीला 100 ला एकूण सुमारे 400 न्यूटन लागतात, तर 130 ला 575. भार वाढल्याने इंजिन थोडे कार्यक्षम होते, तरी प्रति किलोमीटर तिसऱ्या हिश्श्याने जास्त पेट्रोल जातेच. 60 किमीच्या अंतराला त्या वेगाने सव्वाआठ मिनिटे वाचतात. ती हवी आहेत की नाहीत हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रतिसाद : तिसरे वळण

आठ आठवड्यांनी लिहितो आहे, कारण चार टाक्या पूर्ण होईपर्यंत काही बोलायचे नाही असे ठरवले होते. त्याच पंपावर, त्याच पद्धतीने मोजलेले ॲव्हरेज 12.5 किमी आले. रविवारी सकाळचा वळणांचा रस्ता मी सोडलेला नाही आणि तिथे इंजिन 7000 पर्यंत नेणेही सोडलेले नाही. ते किलोमीटर याच आकड्यात आहेत.

2500 ला गिअर टाकण्याची सवय चार दिवसांत लागली. ठाम पाय ठेवायला जास्त दिवस गेले, कारण हलका पाय म्हणजे बचत हे मनात फार खोल रुजले होते. सर्वांत अवघड गेले ते वेळेवर पाय उचलणे. मागच्या गाडीवाल्याला आपण उगाच रेंगाळतो आहोत असे वाटेल, या संकोचाने पहिले दोन आठवडे मी हातचे राखूनच करत होतो. मग एका संध्याकाळी मोजले : रोजच्या वाटेवर पूर्वी 14 वेळा पूर्ण थांबत असे, त्या दिवशी 9 वेळा थांबलो, आणि पोहोचायला लागलेला वेळ मिनिटभराच्या फरकाने तोच होता. त्यानंतर संकोच गेला.

पाना-पक्कड यांच्या सांगण्यानुसार चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ब्रेक ठीक आहेत. अलाइनमेंट (चाकांची दिशा) तपासली तेव्हा मात्र पुढची चाके एकमेकांकडे जरुरीपेक्षा जास्त वळलेली निघाली, टायरच्या बाहेरच्या कडा घासलेल्या होत्या आणि त्यावरून हात फिरवला तर एका दिशेने धार लागत होती. ती दुरुस्ती तिसऱ्या टाकीनंतर झाली, म्हणून तिचा पूर्ण परिणाम वरच्या आकड्यात नाही. घासलेले दोन टायर पुढच्या महिन्यात बदलायचे आहेत. मूळ मापातच, पण कमी विरोधाचे घ्यावेत की आताचेच चिकट रबराचे, हे अजून ठरत नाही. ज्यांनी दोन्ही एकाच गाडीवर वापरले असतील त्यांनी ओल्या रस्त्यावरील पकडीबद्दल अवश्य लिहावे.